हिरवा स्क्रू

आमच्या न्यू जर्सीतल्या घरात ओट्यामागच्या भिंतीवर, सिंकच्या डाव्या अंगाला, स्टीलची एक कोरी प्लेट होती. बटण नाही, प्लग घालायची भोकं नाहीत. वर एक स्क्रू, खाली एक स्क्रू आणि मधे चकचकीत पत्रा. घर घेतलं तेव्हापासून ती तिथे होती. चार वर्षं मी ती टाइल्सबरोबर पुसत आले आणि तिच्यामागे काय असेल हा विचार एकदाही मनात आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई-अण्णा आले होते. एका सकाळी पोळ्या आटोपल्यावर आई ओल्या फडक्याने टाइल्स पुसत होती. फडकं प्लेटवरून गेलं आणि तिने हात झटकला.

“मुंग्या आल्या गं हाताला. चावलं काहीतरी.”

मी म्हटलं, शीर दबली असेल, सकाळपासून लाटतेयस. अण्णा हॉलमध्ये बसले होते. ‘चावलं’ हा शब्द कानावर पडला आणि ते उठून आत आले. अण्णांनी वायरमन म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली. विट्याजवळच्या आमच्या गावात आजही त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, वायरमनच म्हणतात.

“कशाला लागला हात?”

“या पत्र्याला.”

“पायात चप्पल होती?”

“होती की.”

“दुसरा हात कुठं होता?”

आईने आठवून सांगितलं, कमरेवर होता. अण्णांनी नळाकडे पाहिलं, मग प्लेटकडे पाहिलं. दोघांत दीड हाताचं अंतर. ते काही बोलले नाहीत.

प्रवासात त्यांच्या बॅगेत कपड्यांखाली टेस्टर आणि पक्कड असतेच. टेस्टर प्लेटला टेकवला तर आतला दिवा लाल झाला. पण टेस्टरवर त्यांचा पूर्ण भरवसा नसतो. शेजारून गेलेल्या तारेच्या नुसत्या वासानेही तो पेटतो, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे; जवळच्या जिवंत तारेमुळे कोरड्या धातूवरही थोडा दाब दिसू शकतो. खरं-खोटं करायचं तर टेस्ट लॅम्प. गॅरेजमध्ये जुन्या, गरम होणाऱ्या बल्बांचा एक खोका होता. दुकानातून आटे असलेला, बल्ब फिरवून बसवायचा होल्डर आणला, त्याच्या दोन वायरींची टोकं सोलली, ४० वॅटचा बल्ब बसवला. एक टोक नळाला, दुसरं प्लेटला. बल्ब पेटला. फडफडला नाही, मिणमिणला नाही; देवघरातल्या दिव्यासारखा शांत, पिवळा पेटला.

आई ओट्यापासून दोन पावलं मागे सरकली.

तळघरात जाऊन ब्रेकर बंद केला, वर येऊन पुन्हा लॅम्प लावून पाहिला, आणि मग अण्णांनी ते दोन स्क्रू काढले. मी टॉर्च धरला. लहानपणापासून हे माझं काम. आत प्लास्टिकचा निळा डबा. अमेरिकेत नव्या घराचं काम चाललेलं पाहिलंत तर लाकडी खांबांना ठोकलेले हे निळे डबे जागोजाग दिसतात. इथे पूर्वी आउटलेट असावं; स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हा कुणीतरी ते काढलं, तारा एकमेकींना जोडून वर प्लास्टिकच्या टोप्या पिळल्या, आणि समोरून शोभेल अशी स्टीलची प्लेट लावून दिली. काळ्या तारांवरची टोपी सैल होऊन खाली घसरली होती. एका तारेचं उघडं टोक प्लेटच्या पाठीला टेकलेलं. पाठीवर मोहरीएवढा काळा डाग.

आणि डब्याच्या तळाशी तांब्याच्या तीन उघड्या तारा पीळ देऊन खोचून ठेवल्या होत्या. इथे काळी तार म्हणजे फेज, वीज आणणारी; पांढरी न्यूट्रल, परत नेणारी; आणि नागडी किंवा हिरवी ती अर्थ, म्हणजे अर्थिंगची. म्हणजे अर्थ डब्यापर्यंत आलेला होता. अण्णांनी त्या तारांपासून प्लेटच्या जागेपर्यंत बोटं ठेवून मोजलं.

“चार बोटं,” ते म्हणाले. “चार बोटं कमी पडली बघ.”

त्या चार बोटांनी मला पुढचे कित्येक दिवस झोपेतही सोडलं नाही. मी इथे हिशेबाच्या कामात आहे, विजेतलं माझं ज्ञान अण्णांच्या मागे टॉर्च धरून आलेलं. पण हा प्रश्न मला नीट समजून घ्यायचा होता: फेजची तार सरळ धातूला टेकली, तरी ब्रेकर का पडला नाही? तो त्याच्यासाठीच असतो ना?

अण्णांनी कागदावर लिहून दाखवलं. त्या लाइनचा ब्रेकर १५ अँपिअरचा. त्याच्यातून १५ पेक्षा जास्त करंट गेला तरच तो हलणार. प्लेटला फेज टेकला, पण प्लेटचे दोन स्क्रू रुतलेत प्लास्टिकात. करंटला पुढे जायला वाटच नाही. वाट नाही म्हणून करंट नाही, करंट नाही म्हणून ब्रेकरला कळायचा प्रश्न नाही. प्लेट १२० व्होल्टवर जाऊन नुसती थांबलेली. आठवडा, महिना, वर्ष. आता तिथे एखाद्याचा ओला हात लागला आणि दुसरा हात नळावर असला, तर वाट तयार होते, ती त्या माणसातून. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरा. १२० भागिले १०००, म्हणजे १२० मिलिअँपिअर. ब्रेकरच्या दृष्टीने हे काहीच नाही, १५ अँपिअरचा सव्वाशेवा हिस्सा. माणसाच्या हृदयाला तेवढं पुष्कळ झालं.

आणि तीच नागडी तार प्लेटला जोडलेली असती तर? त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध शंभर फुटांना पाव ओहम. तळघरातल्या ब्रेकरच्या पॅनेलपासून शंभर फूट येणं आणि शंभर फूट परत जाणं धरलं तरी अर्धा ओहम. १२० भागिले अर्धा, २४० अँपिअर. काळं टोक प्लेटला टेकल्या क्षणी ब्रेकर पडला असता. आई त्या वेळी कदाचित भारतातच असती. घरातला एखादा दिवा लागेना, म्हणून आम्ही कुणाला तरी बोलावलं असतं, आणि त्याला ती सैल टोपी सापडली असती.

आपल्याकडे म्हणतात ना, ‘भिंतीत करंट उतरलाय’, ‘पत्र्यात करंट उतरला’. हा ‘उतरणे’ किती नेमका आहे हे मला तेव्हा जाणवलं. जो धातू विजेच्या कामाचाच नाही, ज्याच्यातून वीज जावी अशी कुणाची इच्छा नाही, त्याच्यात ती उतरते. अंगात वारं यावं तशी. बाहेरून काही दिसत नाही.

मी सातवीत होते तेव्हाची एक संध्याकाळ आहे. पावसाळा होता. शेजारच्या वस्तीवर गोठ्याच्या पत्र्यावरून मोटारीची वायर नेलेली. वाऱ्याने पत्र्यावर घासून घासून तिचं वरचं कव्हर झिजलं आणि पत्र्यात करंट उतरला. त्या पत्र्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधली होती. घरातली बाई धुणं वाळत घालायला गेली. अण्णांना बोलावणं आलं, ते सायकल घेऊन धावले, खांबावरून लाइन तोडली. रात्री घरी आले ते न जेवता ओसरीवर बसून राहिले. आईला एवढंच म्हणाले, “फ्यूज शाबूत होता.” मला वाटलं होतं, फ्यूज शाबूत असणं ही चांगली गोष्ट असते.

आज तीस वर्षांनी, हजारो मैलांवर, निळ्या डब्यासमोर उभं राहून मला त्या वाक्याचा अर्थ लागला. पत्र्याला कुणी अर्थ दिला नव्हता, म्हणून फ्यूजपर्यंत काही पोचलंच नाही. तिकडे २३० व्होल्ट, इकडे १२०. तिकडे गोठा, इकडे टाइल्स लावलेली भिंत. चूक तीच. धातू हाताच्या टप्प्यात आहे आणि तो कुणालाच बांधलेला नाही. बेवारस धातू.

(अण्णांच्या पिढीतले वायरमन अर्थिंग म्हणत नाहीत, नुसतं ‘अर्थ’ म्हणतात. “बोर्डाला अर्थ आहे का?” लहानपणी मला तो आपलाच शब्द वाटायचा.)

गावाकडे अर्थ म्हणजे खड्डा. अण्णांच्या हाताखाली घातलेले कितीतरी खड्डे मी पाहिलेत. जीआय पाइप उभा करायचा, भोवती एक थर लाकडी कोळशाचा, एक थर खडे मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ; वर फनेल, त्यातून उन्हाळ्यात पाणी ओतायचं. काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडतात, माती पाइप सोडते, आणि अर्थ नावापुरता उरतो. आमच्या घरामागे तुळशीला घातलेलं उरलेलं पाणी त्या फनेलमध्ये ओतायचं, हा आईचा नेम होता.

त्यामुळे इथे आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा विचारलं होतं, खड्डा कुठाय? मी त्यांना मीटरखाली जमिनीत ठोकलेली सळी दाखवली. सळी एवढीशी पाहून त्यांचं समाधान झालं नव्हतं. प्लेटच्या प्रकरणानंतर आम्ही दोघांनी त्याचाही हिशेब केला. इथल्या नियमात एका सळीचा रोध २५ ओहमपर्यंत चालतो. १२० भागिले २५, पाच अँपिअरही होत नाहीत. म्हणजे प्लेट नुसती जमिनीला जोडली असती तरी १५ अँपिअरचा ब्रेकर पडला नसता! करंट मातीत ‘जाऊन संपत’ नाही, त्याला जिथून निघाला त्या ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचं असतं, आणि मातीतून परतणं फार कठीण असतं. जीव वाचवते ती पॅनेलपर्यंत अखंड गेलेली, न्यूट्रलला तिथे जाऊन भेटलेली तांब्याची तार. सळीचं काम वेगळं. आभाळातल्या विजेचं, बाहेरच्या उच्च दाबाचं. अण्णांना हे ठाऊक होतं, खांबावर न्यूट्रल अर्थ केलेला असतो हे त्यांनीच मला सांगितलं. तरी कागदावरचे आकडे पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मे महिन्यात आपले खड्डे कशाला काम करत असतील गं.”

इथे घरांच्या वायरिंगसाठी एक नियमावली आहे, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड. पहिली आवृत्ती १८९७ची, आणि आता दर तीन वर्षांनी नवी निघते. मी ती चाळायला घेतली ती रागाने. ज्याने ती प्लेट लावली त्याने काही नियम मोडला होता का, हे मला पाहायचं होतं. मोडला होता. डब्यांवरच्या झाकणांबद्दल कलम ३१४ सांगतं की झाकण प्लास्टिकचं चालेल, धातूचंही चालेल, पण धातूचं असेल तर त्याने कलम २५०.११०च्या अर्थिंगच्या अटी पाळायला हव्यात. आणि त्या अटी वाचताना माझा राग बाजूला राहिला. त्यात अंतरं दिली आहेत. जमिनीपासून, किंवा जमिनीशी जोडलेल्या धातूपासून, उभं ८ फूट आणि आडवं ५ फूट, एवढ्या टापूत असलेला, माणसाचा हात लागू शकेल असा धातू. मी हे अण्णांना मराठीत सांगितलं. ते उठले, एक हात सिंकवर ठेवला आणि दुसरा लांब केला.

“हात पुरतो तिथपर्यंत,” ते म्हणाले.

खरंच, ते मापच माणसाचं आहे. उंच माणसाने हात वर केला तर पोचेल तेवढं उभं. एक हात इकडे ठेवून दुसरा पसरला तर येईल तेवढं आडवं. कुणीतरी कायदा लिहिताना डोळ्यासमोर एक माणूस उभा केला आणि त्याला हात पसरायला सांगितले.

त्याहून मला जवळचं वाटलं ते स्विचचं कलम. डबा लोखंडी असतो तेव्हा फारशी काळजी नसते. अर्थची तार डब्याला, प्लेटचे स्क्रू डब्याला, साखळी आपोआप जुळते. मग प्लास्टिकचे डबे आले. हलके, स्वस्त, न गंजणारे, तार टेकली तरी धोका नाही. प्रत्येक गुण खरा. पण लोखंडी डबा न सांगता जे एक काम करत होता ते प्लास्टिकच्या डब्याला करता येईना: समोरच्या झाकणाला अर्थ पोचवणं. म्हणून ते काम स्विचवर आलं. इथल्या स्विचच्या कडेला एक हिरवा स्क्रू असतो. नागडी तार त्याला गुंडाळायची. हिरव्या स्क्रूतून अर्थ स्विचच्या धातूच्या पट्टीत येतो, आणि प्लेटचा स्क्रू त्या पट्टीत फिरतो, म्हणून प्लेटलाही अर्थ मिळतो. एवढ्याशा स्क्रूच्या आट्यांमधून. आणि कलम म्हणतं की धातूची प्लेट बसवलेली असो वा नसो, ही सोय स्विचने द्यायचीच.

बसवलेली असो वा नसो! आज तिथे प्लास्टिकची प्लेट आहे, कसलाच धोका नाही, तरी तार जोडायची. कारण उद्या त्या घरात दुसरं कुणी येईल. तिला पांढऱ्या प्लेटा आवडणार नाहीत. ती शनिवारी दुकानात जाऊन पितळी, स्टीलच्या आणेल आणि हौसेने एकेक बदलेल. मागे काय आहे हे ती बघणार नाही, तिला बघता येणारही नाही. मी हेच केलं होतं. घर घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात हॉलमधल्या आणि जिन्यातल्या सगळ्या प्लेटा मी स्टीलच्या केल्या होत्या, कोऱ्या प्लेटशी जुळाव्यात म्हणून. माझ्यासारखी एक बाई येईल हे कुणाला तरी आधीच सुचलं होतं, आणि त्याने हिरवा स्क्रू ठेवला होता.

कोऱ्या प्लेटमागे मात्र स्विच नसतो, पट्टी नसते, हिरवा स्क्रू नसतो. साखळीला कडीच नाही. अण्णांचं म्हणणं होतं, प्लेटला एक बारीक भोक पाडू, नट-बोल्ट घालून थिंबल बसवू आणि त्या तीन तारांतून एक तुकडा आणून त्याला जोडू. योग्यच होतं. पण मी परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. त्याने टोप्या बदलल्या, जोड घट्ट केले, आणि सांगितलं की सगळ्यात सोपा उपाय साठ-सत्तर सेंटचा आहे: नायलॉनची कोरी प्लेट. अण्णांनी मान हलवली. जिथे धातूची गरज नाही तिथे धातू नको, हे त्यांना पटलं.

मग आमची घराची फेरी सुरू झाली. एकेक ब्रेकर बंद करायचा, प्लेट काढायची, हिरवा स्क्रू बघायचा, तार पक्की आहे का ओढून बघायची, प्लेट लावायची, लाइन सुरू करून टेस्ट लॅम्पने तपासायची. गावाकडे अर्थ तपासायची अण्णांची रीत हीच: लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं अर्थला. न्यूट्रलवर जेवढा पेटतो तेवढाच पेटला तर अर्थ चांगला. पिवळट, मंद पेटला तर खड्ड्यात पाणी ओता. हॉलमध्ये, जिन्यात बल्ब लख्ख पेटत गेला. स्वयंपाकघरातल्या आउटलेटवर त्यांनी टोकं लावली आणि खटकन आवाज आला. बल्ब पेटलाच नाही.

“गेला?” त्यांनी विचारलं.

तो जीएफसीआय होता, आपल्याकडच्या आरसीसीबीचा भाऊ. जेवढा करंट फेजने गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, हे तो सतत बघतो. चार ते सहा मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडतो. आमच्या बल्बने तीनशेच्या वर मिलिअँपिअर अर्थला वळवले होते. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डालझील म्हणून प्राध्यापक होते. किती करंट असला तर माणसाला हातातली तार सोडता येत नाही हे त्यांनी प्रयोगात उतरलेल्या माणसांवर मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, बायकांची साडेदहा. त्यांनीच १९६१मध्ये हे यंत्र घडवलं. अण्णांनी रीसेटचं बटण दाबलं, पुन्हा टोकं लावली, पुन्हा खटका. तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांनी आईला बोलावून दाखवलं.

कोऱ्या प्लेटमागची लाइन जुनी, दिव्यांची होती. तिच्यावर जीएफसीआय नव्हता.

सतरा प्लेटांपैकी पंधरा ठीक निघाल्या. सोळावी जिन्याच्या वरची. हिरव्या स्क्रूला तार गुंडाळलेली होती पण स्क्रू आवळलाच नव्हता. सतरावी गॅरेजमधली. तिथली केबल घराइतकीच जुनी, तिच्यात अर्थची तारच नाही. अशा जागी स्विच बदलायचा तर नियम म्हणतो: प्लेट प्लास्टिकची, आणि तिचे स्क्रूसुद्धा प्लास्टिकचे; नाहीतर लाइनला जीएफसीआय लावा. स्क्रूचं मला आधी नवल वाटलं. पण स्क्रू धातूचा असला तर तो आत स्विचच्या पट्टीत रुततो आणि त्याचं डोकं बाहेर बोटाखाली येतं. पट्टीत करंट उतरला तर वाटाण्याएवढं ते डोकं पुरेसं आहे. तिथे पायाखाली काँक्रीट आहे, आणि गाडी धुऊन आलेला माणूस ओल्या हाताने तेच बटण दाबतो. नायलॉनचे पांढरे स्क्रू प्लेटच्या पाकिटात येत नाहीत, वेगळे आणावे लागले.

जाताना अण्णांनी ती स्टीलची कोरी प्लेट मागून घेतली. पेपरात गुंडाळली, पक्कड-टेस्टरच्या शेजारी ठेवली. गावाजवळच्या आयटीआयमध्ये ते अधूनमधून जातात, पोरांना दाखवायची आहे म्हणाले. पाठीवरचा काळा डाग पुसला जाऊ नये म्हणून तेवढ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली.

परवा फोन आला. हवापाणी, गुडघे, आईचं औषध झालं. मग म्हणाले, “गॅरेजातला स्क्रू प्लास्टिकचाच हाय न्हवं? कुणी बदलला न्हाई ना? जरा जाऊन बघ.”

मी फोन कानाला धरून गॅरेजचं दार उघडलं.